आमदाराचे मत कुणाच्या वहीत?



खताच्या पोत्याचा आणि बांगड्याच्या पाटीचा हिशेब आपण पै-पैने ठेवतो. मग आपण निवडून दिलेल्या माणसाने सभागृहात कुणाच्या बाजूने हात वर केला, याचा हिशेब कुणाकडे आहे?

अमेरिकेत १९७० साली पर्यावरणवादी मतदारांची एक संघटना निघाली. ती दरवर्षी प्रत्येक खासदाराला त्याच्या मतदानावरून शंभरपैकी गुण देते. तिथे मतांची नावानिशी नोंद होते, म्हणून हे जमते. आपल्याकडे २००५ साली सुरू झालेली पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग मोजते. काम चांगलेच आहे. पण हजेरी म्हणजे बाजू नव्हे! रोज बांधावर येऊन बसणारा नांगर धरतोच असे नाही.

मते मोजणार तरी कशी? बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन शेती विधेयके अशीच मंजूर झाली. विरोधकांनी मतविभाजन मागितले, म्हणजे डोकी मोजा म्हटले. सदस्य आपल्या जागेवर नव्हते, असे उत्तर उपसभापतींनी नंतर दिले. कारण काहीही असो, कोण बाजूचा आणि कोण विरुद्ध, हे नावानिशी लिहिले गेले नाही. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसला, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे रद्द झाले.

दुसरा फास १९८५ च्या पक्षांतरबंदीचा. एकट्याने पक्षादेश मोडून मत दिले, तर आमदारकी जाऊ शकते. पण गोव्यात १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार भाजपात गेले, त्यांची आमदारकी शाबूत! एकट्याला शिक्षा आणि घोळक्याला माफी, हा कुठला न्याय?

लोकांचा डोळा असला की सत्ता नमते. भोपाळच्या तुलसी नगर आणि शिवाजी नगर भागात मंत्री-आमदारांच्या घरांसाठी सुमारे २९ हजार झाडे जाणार होती. लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या. जून २०२४ मध्ये सरकारने तो बेत सोडला.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान घ्या. पक्षादेश फक्त विश्वासठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवा. मतांची यादी पंचायतीच्या फलकावर लावा.

आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवाराच्या गळ्यात हार घालण्याआधी विचारा: कुळाच्या जमिनीचा प्रश्न आला, ट्रॉलरचा प्रश्न आला, तेव्हा तुम्ही मत कुठे दिलेत? उत्तर नसेल, तर हार परत घरी न्या!