बाळ-बाळंतीण सुखरूप, पण बाबांचं काय? तरुणांना मानसिक आधार कुठे मिळतो?

बाळ झालं की घरी येणारे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. बाळ कसं आहे आणि बाळंतीण कशी आहे? बाळाच्या बाबांना विचारलं जातं, 'पेढे कधी देताय?'

बाबांच्या मनाची विचारपूस सहसा होत नाही. पण ती गरजेची आहे.

'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळलं. बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना हे प्रमाण सर्वाधिक होतं.

हे नैराश्य रडण्यातूनच दिसतं असं नाही. सतत चिडचिड, घरी जाणं टाळणं, वाढलेली दारू, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, हीही त्याची लक्षणं असू शकतात.

यंत्रणा कुठे कमी पडते?

दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. तपासणी होते ती आई आणि बाळाची. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत मात्र अशी रजा देण्याची कायद्यानं सक्ती नाही.

तरुणांची अडचण थोडी वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते, म्हणजे देशात सर्वाधिक.

सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले की, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे.

म्हणजे मदत शाळा, कॉलेज किंवा वयाशी बांधलेली आहे. कॉलेज सुटलेला, गोदामात किंवा डिलिव्हरीचं काम करणारा २३ वर्षांचा तरुण या दोन्हींत बसत नाही. तो नुकताच बाप झाला असेल, तरीही त्याच्यासाठी वेगळी सोय नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

सगळ्यांना खुली असलेली सोय म्हणजे 'टेली मानस'. ही सरकारी हेल्पलाईन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक आहे १४४१६. ती मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात. गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. 'आजार आहे की नाही' हे ठरवून मगच फोन करायचा, असं काही नाही.

प्रत्यक्ष भेटायचं असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करता येते. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

घरच्यांना कळेल का?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी सेवेत उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. आजार आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणंही बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर ती परस्पर कुणाला देता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या उपचारात मात्र पालकांचा सहभाग लागतो.

काय बदलता येईल?

त्यासाठी नवी योजनाच हवी असं नाही. बाळाला ६, १० आणि १४ व्या आठवड्यात लस दिली जाते. अनेकदा बाबाही सोबत येतात. १४ वा आठवडा म्हणजे तिसरा महिना सरलेला, म्हणजे वडिलांमधलं नैराश्य वाढण्याचा नेमका काळ. नव्या आयांमधलं नैराश्य ओळखणारी १० प्रश्नांची 'एडिनबर्ग' प्रश्नावली वडिलांसाठीही वापरता येते. लसीची वाट बघत बाकावर बसलेल्या बापाला ती भरायला काही मिनिटं पुरतात.

तोवर हे काम घरच्यांचं आणि मित्रांचं आहे. पेढे मागून झाले की, 'तुला झोप मिळते का रे?' एवढं विचारलं तरी बोलायला सुरुवात होऊ शकते.