पनवेलचं बाळ, गावचा पत्ता



आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांतली मुलं आज पनवेल, कळंबोली, कामोठे या बाजूला नोकरी-धंद्यात आहेत. सून तिकडेच बाळंत होते, तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सोडतात आणि चौथ्या दिवशी ओल्या बाळंतिणीला गाडीत घालून गावी आणतात. हेतू चांगलाच. पण कार्डावर लिहून दिलेली बाळ दाखवायची तारीख पनवेलातच राहते. "पोर ठणठणीत आहे की, कशाला दाखवायचं?" हे उत्तर आम्ही लागणीच्या नोंदी घेत हिंडताना कैक वस्त्यांवर ऐकतो.

ठणठणीत असलं तरी दाखवायचं, असं आमचं म्हणणं आहे. लागण करून आपण घरी बसतो काय? उगवण बघतो, नांग्या भरतो. बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात थोडं घटतंच. तीन किलोचं पोर पावणेतीनवर येतं आणि दोन आठवड्यांत ते भरून निघायला हवं. त्याहून जास्त घटलं तर काट्यावरच कळतं, नुसतं हातात घेऊन नाही. (आजीबाईंनी राग मानू नये.) कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, म्हणजे ऐन पाचवी पुजायच्या वेळी. पाचवी जरूर पुजावी. मात्र पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला किंवा पोर सुस्त पडून अंगावर पीत नसेल, तर कोवळं ऊन दाखवत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी यावं, असा सरकारी नियम आहे. ही वाट गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 खेड्यांत घालून दिली. तुलनेच्या गावांच्या मानानं तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली प्रसिद्ध झालं. पण नोंद पनवेलात आणि पोर वस्तीवर, म्हणजे दोन्ही याद्यांतून सुटलं! तोडणी मजुरांच्या कोपीवरल्या बाळांचंही असंच होतं.

तेव्हा पनवेलहून गाडी निघण्याआधीच गावच्या आशाताईंना निरोप द्यावा. तिकडची तारीख चुकणार असेल, तर त्याच दिवशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे दाखवावं. जन्माचं वजन व लसी लिहिलेलं कार्ड सोबत न्यावं. पोलिओचा जन्माच्या वेळचा डोस राहिला असेल तर तो 15 दिवसांच्या आतच मिळतो. सोयर आहे म्हणून थांबू नये.