मालिश नव्हे, फिजिओ!

मामांना लकवा मारला तेव्हा शेतात सोयाबीनची सोंगणी सुरू होती. उजवा हात आणि उजवा पाय एकदम गेला. दवाखान्यात वेळेवर पोहोचले म्हणून जीव वाचला. दहाव्या दिवशी सुट्टी झाली. सुट्टीच्या कागदावर अगदी शेवटी एक शब्द लिहिला होता, फिजिओथेरपी. ती कुठे मिळते, किती दिवस करायची, नाही केली तर काय होतं, हे कुणीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गावात आल्यावर शेजारच्या आजींनी निकाल दिला, "कायले जाता अकोल्याले? तेल लावा, मालिश करा, होते बरं."

दोन महिने मालिश चालली. मालिश करणारा माणूस भला होता, पण लटकलेला हात धरून जोरात ओढायचा. खांदा दुखायला लागला. मग कुणीतरी बोटांची ताकद वाढावी म्हणून रबरी चेंडू आणून दिला, तर बोटं आणखीच आखडली. शेवटी तिसऱ्या महिन्यात मामांना फिजिओकडे नेलं. त्या ताईंचं पहिलं वाक्य होतं, "आधी हा हात ओढणं बंद करा." लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, ओढलं की सांधा जागेवरून सरकतो. हाताला पुन्हा काम शिकवतो तो मेंदू, आणि तो शिकतो तेच तेच काम हजारदा करून घेतल्यावर. यात पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे. आमचे त्यातले दोन तेलात गेले.

मी मास कॉमची विद्यार्थिनी, मेडिकलची नाही. पण त्यानंतर हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून फिजिओथेरपी आपल्याकडे आली कशी ते शोधायला लागले. गोष्ट निघाली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. तिथे १९५२-५३ च्या सुमाराला देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. मुंबई महापालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना अशी तिघांची मदत होती. कारण होतं पोलिओ. पोरं तापातून वाचत होती, पण पायावर उभी राहत नव्हती. औषधाने करण्यासारखं फार उरलेलं नसायचं. लागत होती ती रोज तासभर बसून एकेक स्नायू कामाला लावणारी शिकलेली माणसं, आणि ती माणसं देशात नव्हती. म्हणून ती घडवायचं ठरलं.

त्याच केईएममध्ये त्याआधी, १९५० मध्ये, कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं होतं. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी, लग्न करून मराठी घरात आलेली ही बाई. आपल्याला शाळेत यांचं नाव का नाही शिकवत कुणास ठाऊक. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. विदर्भात नागपूरच्या मेडिकलमध्येही हे शिक्षण आलं.

मला यातली भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे ज्या आजारासाठी हे विभाग निघाले तो आजारच गेला. विभाग मात्र वाढत राहिले. लकवा, अपघात, गुडघ्याचं ऑपरेशन, खेळाडूंच्या दुखापती, बाळंतपणानंतरची कंबरदुखी, आयसीयूतल्या पेशंटची छाती मोकळी करणं, सगळं त्यांच्याकडे आलं. कोविडमध्ये पेशंटना पालथं झोपवायला आणि श्वासाचे व्यायाम करून घ्यायलाही हेच लोक वॉर्डात होते.

१९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यभरातली फिजिओथेरपीची कॉलेजं त्याच्या छताखाली आली. काही वर्षं अभ्यास, मग इंटर्नशिप, झाला बीपीटीएच. योगायोग बघा, त्याच वर्षी १ जुलैला वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. आणि ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात वाशीमचं नाव होतं. आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते.

माझं म्हणणं असं, की या कॉलेजसोबत बीपीटीएचच्या सरकारी जागाही वाशीमला मिळाव्यात, आणि त्यासाठी आपणच मागणी लावून धरावी. नुसती एका फिजिओची पोस्ट भरून भागणार नाही. एक माणूस ओपीडीत बसला तर ओपीडीच सांभाळणार. शिकवणारा विभाग असला की दरवर्षी पोरं-पोरी वॉर्डात उतरतात, इंटर्न रिसोड, मानोरा, कारंज्याच्या दवाखान्यांत जाऊ शकतात, सुट्टी होण्याआधी घरच्यांना बसवून शिकवू शकतात की हात असा धरा, असा धरू नका. आमच्या घरी हे दहा मिनिटं कुणी शिकवलं असतं तरी पुरलं असतं.

रूममेट म्हणाली, आधी एमबीबीएसचं तर नीट मार्गी लागू दे. मान्य, पण फिजिओचा विभाग सुरू करायला काय कोट्यवधींची मशीन लागत नाही. चालायचे दांडे, चटया, भिंतीवरची शिडी, वजनं, आणि शिकवणारी माणसं. ही शेवटची गोष्टच महाग आहे, आणि ती जितकी उशिरा शोधायला घ्याल तितकी उशिरा मिळेल.

आता आपल्याबद्दलही थोडं. नीटचा स्कोअर आल्यावर आपण कसं बोलतो? एमबीबीएस नाही, बीडीएस नाही, बीएएमएसही नाही, मग 'चला, फिजिओ तरी'. हा 'तरी' फार खटकतो मला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही यावर केंद्राच्या आरोग्य सेवा संचालनालयाचं पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं. सोशल मीडियावर नुसता राडा. दोन अक्षरांवर एवढं भांडण, पण हा माणूस तालुक्याच्या ठिकाणी भेटतो का, यावर कुणी एक पोस्ट टाकली नाही. मीपण नाही टाकली.

मामा आता काठी घेऊन धुऱ्यापर्यंत चालतात. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात, उजवा खांदा अजून वर जात नाही. मामेबहीण यंदा नीट देतेय आणि बीपीटीएचच पहिला पर्याय टाकणार म्हणते. मामी परवा तिला विचारत होत्या, "पण कालेज कुठी भेटन तुले?"