औषधाचे सूत

भेस्तानात आमचा दिवस मागांच्या खडखडाटाने उजाडतो. येथील कितीतरी मराठी कुटुंबे खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आली ती याच मागांच्या आधाराने. त्यामुळे डेनिअर म्हणजे काय, हे येथील मुलांना समासांपेक्षा लवकर कळते. (नऊ हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन, असे आम्हांलाही एका विद्यार्थ्यानेच शिकविले.) तेव्हा कर्करोगावर सुताचा इलाज शोधला जात आहे, हे वाचून आमचे कुतूहल जागे झाले नसते तरच नवल.

या कुतूहलाला निमित्त दुसरेच होते. शेजारच्या एका आजींच्या कमरेवर, लुगड्याची गाठ बसते नेमके तेथे, व्रण झाला होता. दीड वर्ष त्यांनी हळद लावली, खोबरेल लावले. सुनेलाही दाखविला नाही. कमरेवरचा व्रण दाखवावयाचा तरी कोणाला? अखेर तपासणी झाली, तो त्वचेचा कर्करोग निघाला.

हा प्रकार विरळा खरा, पण नवा नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ सालीच ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन केले होते. २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेला परकराची नाडी वर्षानुवर्षे काचत होती. दुसरी परकराविना घट्ट लुगडे नेसणारी, आणि तिचा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. कातडी एकाच जागी घासते, सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. अशा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेतून क्वचित कर्करोग उद्भवतो.

आता त्या सुताविषयी. पांडेसऱ्याच्या कारखान्यांत दिसते त्या सुताशी याचे नाते दूरचे. शरीराला न बाधणारे, हळूहळू विरघळणारे बहुवारिक द्रव्य व औषध एकत्र विरघळवून ते पिचकारीत भरतात. सुईच्या टोकाला दहा-वीस हजार व्होल्टचा विद्युद्दाब दिला की थेंब ताणला जाऊन त्याची अतिसूक्ष्म धार निघते. वाटेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर जाळीसारखे पटल जमते. या कताईचे एक पेटंट १९३४ सालचे आहे, म्हणजे कल्पना आमच्याहून वडील! त्यातील एकेक तंतू केसाच्या दोन-अडीचशेव्या हिश्श्याइतका बारीक असू शकतो. तंतू जितका बारीक, तितका त्याचा एकूण पृष्ठभाग मोठा; म्हणून ओल्या व्रणावर बसविलेल्या पटलातून औषध थेट रोगाच्या जागी झिरपत राहते. शिरेतून दिलेले औषध सर्वांगात फिरते, केस गळतात, अन्न नकोसे होते. ते टाळावे हा यामागील हेतू. फ्लुओरोयुरासिल हे औषध त्वचेच्या काही वरवरच्या कर्करोगांवर मलमाच्या रूपाने आजही वापरतात. तेच तंतूंत भरून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.

परंतु आम्ही वाचकांस भुलवू इच्छित नाही. या पटलांचे बरेचसे काम अद्याप काचपात्रातील पेशींवर आणि उंदरांवर चालले आहे. पहिल्याच तासांत बरेचसे औषध एकदम सुटून जाते, ही अडचण आहे. औषध त्वचेत किती खोल उतरेल, ही दुसरी. रोग गाठीत उतरला असेल, तर कमरेवर चिकटविलेली पट्टी तेथे काय करणार?

आजींनी आमचे बोलणे ऐकले होते. त्यांनी विचारले, “गुरुजी, ती सुताची पट्टी मिळंल का हो? मग कापायचं नको.” नाही म्हणताना आमची जीभ जड झाली. आज या व्रणाचा मुख्य उपाय शस्त्रक्रियाच. भोवतीच्या निरोगी कातडीसह तो काढावयाचा आणि काढलेला भाग तपासावयाचा. वेळेवर काढला, तर गुण येण्याची आशा चांगली असते. आजींच्या गाठीपर्यंत रोग गेला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर सुनेने घरातील सर्व परकरांच्या बारीक नाड्या काढून रुंद पट्ट्या शिवल्या आणि रोज एकाच जागी गाठ न मारण्याचा नियम केला. कमरेवर काळसर वा पांढुरका पट्टा, खाज, न भरणारी चीर असे काही दिसले की दाखवावयाचे, हेही तिने जावांना सांगितले. आजी आता घरी गाऊन घालतात. गावी जाताना मात्र लुगडेच, तेही सैल.