भंडारदऱ्याच्या काठी, तंबूत एक रात्र

या सदरात आम्ही एरवी घरखर्च, मुलांचा अभ्यास, दुखणी-खुपणी यांविषयी लिहितो. यावेळी घराबाहेर काढलेल्या एका रात्रीविषयी लिहायचे आहे. ती रात्र आनंदाची होती, आणि त्याच रात्री आमच्या वस्तीतले एक लेकरू हातातून जाता जाता राहिले. दोन्ही सांगतो. कारण हल्ली आपल्या घरांतली मुलेही मोबाइलवर तळ्याकाठच्या तंबूंची चित्रे बघून "आपणही जाऊ या" म्हणू लागली आहेत. आणि जावेच, असे आमचे मत आहे.

गोष्ट २५ आणि २६ जानेवारी २०२५ ची. त्या वर्षी २६ जानेवारी रविवारी आली आणि कामगार माणसाची एक हक्काची सुट्टी बुडाली. निदान शनिवार-रविवार तरी कारणी लावू, असे ठरले. पाच घरे, एकोणीस माणसे, त्यात नऊ पोरे. पैशांसाठी बायकांनी तीन महिने आधीपासून छोटी भिशी लावली होती. कल्याणहून कसारा लोकल पकडली आणि कसाऱ्याला दोन जीपगाड्या ठरवल्या. घाट चढून इगतपुरी, मग घोटी, तिथून वळून कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव आणि पुढे शेंडी. शेंडीला धरणाची भिंत दिसली तेव्हा जीपमधली सगळी पोरे एकदम गप्प झाली.

भंडारदरा आताच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात येते. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट. त्या काळच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. नाव साहेबाचे, पण एकेक दगड घडवून वर चढवणारे हात कुणाचे असतील, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भिंतीमागे लांबवर पसरलेले पाणी, भोवती डोंगर आणि रान, पलीकडे रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचे आरपार भोक, ज्याला तिकडे नेढे म्हणतात. हे सारे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मोडते. काठाकाठाने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत. त्यांतल्याच एका कुटुंबाच्या शेतात आमचे तंबू होते. माणशी हजार रुपये, पोरांना निम्मे, त्यात दोन वेळचे जेवण आणि सकाळचा चहा-पोहे. पैसे थेट त्यांच्याच हातात दिले, मध्ये कुणी दलाल नव्हता.

आमच्यासोबत घरातल्या आजी होत्या. वय पासष्ट. त्यांनी तंबू पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "पैसे देऊन पालात झोपायचं व्हय?" सगळे हसले. पण त्यांचा प्रश्न खरा होता. बहात्तरच्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. आईबापांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या, सुकडी खाऊन महिनोन् महिने पालात राहिल्या. पुढे आम्ही सगळेच सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर मांडवात, मांडवात जागा नसली तर उघड्यावर झोपत आलो. तेव्हा कापडाखाली झोपणे आपल्याला नवे नाही. नवे होते ते नुसते मजेखातर झोपणे. आजींना ते पटायला संध्याकाळ उजाडावी लागली. चुलीवरची नागलीची भाकरी, पिठले आणि गावठी कोंबडीचा रस्सा पोटात गेल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलंत आणलंत ते."

अंधार पडला आणि पोरांनी वर पाहिले. आमच्या वस्तीत रस्त्याचा दिवा थेट खिडकीत येतो. तिथे आकाश म्हणजे दोन इमारतींमधली फट. इथे अमावास्या चार दिवसांवर होती, त्यामुळे चंद्राचा उजेड नव्हता. पश्चिमेला शुक्र इतका तेजस्वी की पोरांना तो विमानाचा दिवा वाटला. डोक्यावर गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ, आणि मृगाचे तीन तारे बाणासारखे सरळ रेषेत. आमच्यातल्या एका दहावीच्या मुलीने पुस्तकात वाचलेले सगळे एकामागून एक बोटाने दाखवले. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ती लेकीकडेच बघत होती, आकाशाकडे तिचे लक्षच नव्हते.

पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आल्या आल्या पोरे पाण्याकडे धावली तेव्हा तंबूवाल्या दादांनी त्यांना अडवले आणि काठापासून बरेच अलीकडे रोवलेल्या खुंट्या दाखवल्या. "दिवाळीला पाणी हितवर व्हतं. आता रोज खाली चाललंय," ते म्हणाले. धरणाचे तळे आणि गावचे तळे यांत हाच फरक आहे. गावच्या तळ्याला उतार असतो, घाट असतो. धरणाखाली मात्र जुनी शेते, बांध, ओढ्यांच्या घळी बुडालेल्या असतात. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्याच्या वर जाऊ शकतो. शिवाय खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतीसाठी पाण्याचे आवर्तन सुटले की पातळी उतरते आणि उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला, आतून ओला राहतो. त्यात पाय रुतला की धडधाकट माणूसही एकटा निघत नाही. पोहण्याच्या तलावात शिकलेले पोहणे इथल्या गार पाण्यात फार उपयोगी पडत नाही. आणि एक बुडतो तेव्हा दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. एकाच घरातली तीन-तीन माणसे अशीच जातात. उडी मारायची नाही. दोर, ओढणी, साडी, झाकण लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे हाती येईल ते फेकायचे. आमच्या पोरांनी खुंटीच्या अलीकडेच दगड भिरकावले आणि त्यांना तेवढे पुरले.

म्हणजे पाण्याची भीती आम्हाला होती, म्हणून त्याबाबत आम्ही सावध होतो. घात झाला तो भलत्याच बाजूने.

रात्री अकराच्या सुमारास थंडी वाढली. शेकोटी विझत आली होती. तंबूवाले दादा झोपायला घरी गेले होते. शेजारच्या वहिनी तीन पोरांना घेऊन एका तंबूत होत्या. धाकट्याचे नाक गळत होते. त्या म्हणाल्या, "घमेल्यात थोडे निखारे घेऊ का आत? धूर तर अजिबात नाही." आम्ही तिथेच होतो. नको म्हणायचे तर सोडाच, घमेल्याची एक बाजू आम्हीच धरली. कापडाला लागू नये म्हणून खाली विटा ठेवल्या आणि मोठे शहाणपण केल्यासारखे वाटून घेतले. वहिनींनी थंडी शिरू नये म्हणून तंबूची चेन वरपासून खालपर्यंत बंद केली.

दोनच्या सुमारास आजी लघवीला उठल्या. म्हाताऱ्या माणसाचे रात्री उठणे घरात किती जणांना त्रासाचे वाटते! परत येताना त्यांना वहिनींच्या तंबूच्या कापडातून लालसर उजेड दिसला आणि आतून पोराच्या ओकारीचा आवाज आला. त्यांनी हाका मारल्या. ओ नाही. त्यांना चेन उघडता येईना, तेव्हा त्यांनी आम्हाला हलवून उठवले. आत सात वर्षांचा मुलगा उलटीत पडलेला, अंग लुळे. वहिनी जाग्या झाल्या, पण त्यांना उठून बसता येईना. डोके घणाने फोडल्यासारखे होतेय, एवढेच म्हणाल्या. चौघांना ओढून उघड्यावर आणले. थोड्या वेळाने मोठ्या दोघी पोरी रडू लागल्या. ते रडणे ऐकून आम्हाला जितके बरे वाटले तितके आयुष्यात कुठल्या गाण्याने वाटले नसेल. मुलगा मात्र हाक मारली तर डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. एक पोरगा पळत जाऊन दादांना घेऊन आला. त्यांच्या जीपमधून चौघांना सरकारी दवाखान्यात नेले आणि प्राणवायू लावला. पहाटे मुलाने पाणी मागितले.

तिथल्या डॉक्टर ताईंनी जे समजावले ते तसेच्या तसे आपल्या वाचकांपर्यंत पोचावे म्हणून हा लेख. कोळसा किंवा लाकूड जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, त्याने खोकला येत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज तिथेच फसतो. रक्त ज्या जागी प्राणवायू वाहून नेते ती जागाच हा वायू बळकावतो. रक्ताशी त्याचा चिकटपणा प्राणवायूच्या दोनशे पटींहूनही अधिक. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, गुंगी येते. जागा माणूस बाहेर तरी पळेल. झोपलेला त्या झोपेतून उठतच नाही. तंबूचे कापड पाऊस अडवण्यासाठी लेप दिलेले असते, ते वाराही अडवते, आणि दवाने भिजले की आणखी घट्ट होते.

हे फक्त अडाण्यांच्या बाबतीत होते, असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामण येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुले, हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सकाळी कुणीच उठले नाही. आणि हा धोका तंबूपुरताच नाही. बंद खोलीत सिगडी पेटवून बाळंतिणीला शेक देणारी घरे आपल्याकडे अजून आहेत. कामाच्या जागी पहारा देणारे भाऊ थंडीत दार लावून पाटीत निखारे घेऊन बसतात. त्यांनी दार किंवा खिडकी उघडी ठेवावीच, आणि झोपण्यापूर्वी निखारे बाहेर काढावेत. तंबूत तर निखारा, स्टोव्ह, गॅसची शेगडी काहीच नेऊ नये. चेन थोडी उघडी ठेवून चालेल, असेही मानू नये. कुणाला असे झालेच तर आधी उघड्यावर आणायचे, मग १०८ ला फोन करायचा. तळ्याकाठी फोन लागेलच असे नाही. म्हणून जवळचा दवाखाना कुठे आणि रात्री गाडी कुणाची, हे जेवणाआधीच विचारून ठेवावे. आम्ही विचारले नव्हते.

मग थंडीचे काय? ते आजींनी सांगितले, आणि आम्ही त्यांना आधी विचारले असते तर हे घडलेच नसते. "पालाला दार कुठं व्हतं? वारं आरपार जायचं, म्हणून शेकोटीची धग चालायची," त्या म्हणाल्या. "आन् थंडी वरून लागत न्हाई, भुईतून लागते. आम्ही खाली पाचट घालायचो." तसेच आहे. चार घोंगड्या अंगावर घेण्यापेक्षा दोन खाली अंथराव्यात. पेंढा, पोती, जुन्या गोधड्या, काहीही चालते. पायमोजे, कानटोपी, कोरडे कपडे, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावी.

बायकांसाठी आणखी एक. पैसे ठरवण्याआधी संडास किती आहेत, तंबूपासून किती लांब, तिथे दिवा आणि आतून कडी आहे का, हे विचारायला लाजू नये. बाटल्या, पिशव्या, पत्रावळी सगळे आपल्याबरोबर परत आणावे. ते शेत कुणाचे तरी पोट आहे. आमच्या पलीकडच्या तंबूंत साडेबारापर्यंत भोंगा चालू होता. त्याविषयी काय लिहायचे!

सव्वीसच्या सकाळी दवाखान्यातून चौघेही परत आले. वहिनी दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. मुलाने मात्र दोन बशा पोहे खाल्ले. गावातल्या शाळेवर झेंडावंदन होते, तिथे आमची पोरे गावच्या पोरांच्या मागे रांगेत उभी राहिली आणि त्यांना गूळ-शेंगदाणे मिळाले. निघताना वहिनींचे यजमान दादांना जादा पैसे देऊ लागले. दादांनी जीपच्या डिझेलपुरते घेतले आणि बाकीचे परत केले.

आता पोरांचा नवा हट्ट सुरू आहे. मे अखेरीस, पाऊस येण्याच्या तोंडावर, तिकडच्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर हजारो काजवे लुकलुकतात, असे दादांनी त्यांना सांगून ठेवले आहे. गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या मारल्या की ते बिथरतात, म्हणून गर्दीच्या शनिवार-रविवारी न येता मधल्या वारी या, असेही ते म्हणाले. मधला वार म्हणजे खाडा, हे त्यांना कसे सांगणार? वहिनींनी भिशीचे पहिले पैसे दिले आहेत. आजी म्हणतात, पुढच्या वेळी पोरांच्या तंबूत मी झोपेन.