दोष कुणाचाच नाही



हिंगोली जिल्ह्यातल्या बैठकांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते. मूल डाऊन सिंड्रोमचे आहे असे कळले की घरातले पहिला जाब बाळंतिणीलाच विचारतात. ग्रहणात काय चिरलेस? काय खाल्लेस? तुझ्या माहेरी असे कुणी आहे का? कुठे कुठे नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू होतात.

मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. सासुरवाशिणीच्या हातातले ते हत्यारच होते. इथे ते चालत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या बहुधा दोनऐवजी तीन प्रती असतात आणि जादा प्रत बहुतेक वेळा स्त्रीबीजातूनच येते. हे लपवण्याचे कारण नाही. बीज तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट विलग झाली नाही, एवढेच घडलेले असते. ते कुणाच्या खाण्याने, वागण्याने वा पापाने घडत नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरे. पण मुळात बाळंतपणेच तरुण वयात जास्त होतात, म्हणून तरुण आयांच्या पोटीही अशी मुले मोठ्या संख्येने जन्मतात. दोष बाईवरून पुरुषावर ढकलून भागणार नाही. दोषाची भाषाच मोडायला हवी.

डॉक्टर हे सांगतात, पण दवाखान्याच्या गर्दीत किती सांगणार? याच वाटेने चार-पाच वर्षे आधी गेलेली आई समोर येऊन बसली, की मग बाईला धीर येतो. बाळ अंगाने सैल का, दूध ओढताना दमते का, पाऊल कधी टाकेल, हे तिला विचारता येते. रडताही येते.

आयांनी पुढाकार घेणे नवे नाही. जय वकील यांनी पतीसह १९४४ साली मुंबईत शाळा सुरू केली, ती डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी. १९९५ साली पालक संघटनांचा ‘परिवार’ हा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. पण सेनगाव-औंढ्याच्या वाडीतल्या आईपर्यंत हे पोचवणार कोण? आपले गट, बचत गट, आशाताई.

काम साधे आहे. बातमी कळली की पहिल्या महिन्यात एका अनुभवी आईने भेटावे, मात्र त्या बाईला विचारूनच; तिचे नाव गावभर होता कामा नये. अशा सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, म्हणून बाळ वरवर ठीक दिसले तरी हृदयाची तपासणी लांबवू नये. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाडीत पथक येते तेव्हा बाळाला दाखवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे लाभ मिळवण्यासाठी प्रमाणपत्र लागते. त्या खेपांना सोबत जावे. आणि ‘औषधाने पूर्ण बरे करतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध करावे.

एक आग्रह मात्र धरू या: भेटीच्या वेळी बाळाचा बापही बसलेला हवा, आणि त्याच्याशी बोलायला अशाच मुलाचा बाप हवा. नाहीतर आधार देणे हेही बाईच्याच कामांत आणखी एक काम होऊन बसेल.

तुमच्या गावात अशी आई असेल. पुढच्या बैठकीआधी तिच्या दारी जाऊ या.