श्रमलेल्या स्नायूंची शुश्रूषा

व्यायाम करा, असे विद्यार्थ्यांस सांगण्यास कोणीही चुकत नाही. परंतु व्यायाम आटोपल्यावर त्या श्रमलेल्या शरीराचे काय करावे, याविषयी शाळेत व घरी सारखेच मौन असते. ही उणीव हल्ली बाजाराने भरून काढिली आहे. फोम रोलर नावाच्या साधनाचा बोलबाला आता शहापूर-मुरबाडकडील मुलांच्याही कानी आला आहे. दाबल्यास किंचित दबणारा, हातभर लांबीचा हा हलका दंडगोल जमिनीवर ठेवावा, त्यावर पोटरी किंवा मांडी टेकावी आणि आपल्याच भाराने पुढेमागे सरकावे, एवढीच त्याची करामत. त्याने स्नायूंतील गाठी फुटतात, साचलेले आम्ल निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी शरीर ताजेतवाने होते, असे सांगण्यात येते. यात खरे किती, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी सडकेवर धावणारी मुले आमचीच आहेत, आणि त्या साधनास लागणारे काही शे रुपयेही आमच्याच घरांतील आहेत.

प्रथम हे दुखणे म्हणजे काय, ते समजून घेऊ. आसनगावाहून माहुलीच्या किल्ल्यावर जाऊन आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास विचारावे. चढताना दम लागतो खरा. परंतु मांड्या भरून येतात त्या उतरल्यानंतर, आणि त्याही त्याच सायंकाळी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नाणेघाट उतरून वैशाखऱ्यास येणाऱ्यांचाही अनुभव हाच. याचे कारण असे की, उतरताना मांडीचा स्नायू देहाचा भार तोलीत असतो आणि त्याच क्षणी ताणलाही जात असतो. अशा दुहेरी श्रमाने त्याच्या सूक्ष्म तंतूंस इजा पोहोचते. शरीर तिची दुरुस्ती आपण होऊन हाती घेते आणि ते काम चालू असता थोडी सूज व ठणका येतो. साधारणतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान हा ठणका अधिक असतो. व्यायामात उत्पन्न होणारे लॅक्टिक आम्ल तर तास-दीड तासातच बहुतेक नाहीसे होते. तिसऱ्या दिवशीच्या लंगडण्याचे खापर त्याच्या माथी फोडणे अन्यायाचे होय. तोच किल्ला दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उतरला, तर दुखणे पुष्कळ कमी होते. स्नायू एका धड्यात शिकतो. कित्येक विद्यार्थ्यांविषयी तसे म्हणता येत नाही!

आता रोलरकडे वळू. त्याने गाठी फुटत नाहीत. दाबामुळे दुखण्याची जाणीव काही काळ बोथट होते व सांधे थोडा वेळ मोकळे वाटतात, इतके म्हणता येईल. २०१९ साली जर्मनीतील संशोधकांनी २१ प्रयोग एकत्र पडताळून पाहिले. व्यायामानंतर रोलर वापरल्याने वेदना सरासरी सुमारे शेकडा ६ इतकीच कमी झाल्याचे त्यांस आढळले. हा लाभ शून्य नव्हे, पण जाहिरातीएवढाही नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रेंच संशोधकांनी श्रमपरिहाराच्या निरनिराळ्या उपायांची तुलना केली. तीत दुखणे व थकवा घटविण्यात सर्वांत सरस ठरली ती हातांनी केलेली मालिश.

म्हणजे कोल्हापूरच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीच गोष्ट. तेथे जोर-बैठका व लढती झाल्या की मल्ल एकमेकांचे अंग रगडतात, आणि मग खुराक व झोप. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा व त्यानंतर सर्वांग सुखकर रीतीने मर्दून घ्यावे, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेविले आहे. यांतील पहिला भाग आपण सोयीस्करपणे विसरतो.

विश्रांतीचे मोल किती, हे पाहावयाचे असेल तर कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरण पाहावे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, मिळवून दिले. त्या स्पर्धेत जपानच्या इशीशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर त्यांस लागलीच सोव्हिएट मल्लाशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने देय होती. पण ती मागण्यास भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. एवढ्या कसलेल्या मल्लास अर्धा तास हवा होता. आणि आपण तेरा वर्षांच्या मुलास एकाच दुपारी तीन शर्यती व कबड्डीचे दोन सामने खेळवितो! पावसाळाभर बसून राहिलेल्या मुलांस क्रीडामहोत्सवापूर्वी एकाच आठवड्यात धावडविणे, ही तर दुखण्यास दिलेली निमंत्रणपत्रिकाच होय. तयारी दोन महिने आधी आरंभावी आणि आठवड्यातून एक दिवस मैदान रिकामे ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालकांसही एक विनंती आहे. सामन्याच्या तिसऱ्या दिवशी मुलगा जिना धरून उतरू लागला, तर त्यास आळशी म्हणू नये. हलके चालणे-फिरणे त्यास हितावह आहे. पुन्हा शर्यत नव्हे. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. भाताबरोबर वरण, अंडे, सुकट किंवा मूठभर शेंगदाणे लागतात. ज्या तंतूंची दुरुस्ती व्हावयाची, त्यांस सामान नको काय? रोलर विकत आणणाऱ्या घरात रात्री बारापर्यंत मुलाच्या हाती मोबाइल असेल, तर तो खर्च व्यर्थ आहे.

आणि मुलांनो, आषाढ-श्रावणात दिवसभर चिखलात वाकून आवणी करणाऱ्या तुमच्या आईच्याही पोटऱ्या दुखतात. तिने कधी रोलर मागितला नाही. तिचे पाय चेपून देण्यास कोणत्याही साधनाची गरज नाही, आणि त्या रात्री तिला झोप बरी लागेल.

ज्यांस साधन हवेच असेल, त्यांनी घरातील लाटण्यास जाड फडके गुंडाळून तेच पोटरीवर व मांडीवर हलक्या हाताने फिरवावे. मात्र आधी मालकिणीची परवानगी घ्यावी. एका स्नायूस एक-दोन मिनिटे पुरे. गुडघ्यावर, हाडावर व कमरेच्या मणक्यावर दाब देऊ नये. दाबताना श्वास रोखावा लागत असेल, तर तो दाब जास्त आहे असे समजावे. सांधा सुजला, एकाच जागी टोचल्यासारखे दुखू लागले किंवा आठवड्यानंतरही ठणका राहिला, तर चोळीत बसू नये, डॉक्टरांस दाखवावे. अतिश्रमानंतर लघवी काळसर तपकिरी झाली, तर मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.